आदेश गेला, अंमल बाकी

बोरकर काका तुमच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसलेले असले तरी एक वाक्य बोलून झालं की उजव्या हाताचं बोट वर करत आणि थांबत.

"मास्तरीणबाई, चहा घ्यान ना?" बोट वर.

"घेईन की."

बोट वरच. नजर छताकडे. माझं "घेईन की" जणू आधी लालबर्‍याकडच्या त्यांच्या शेतावर गेलं, तिथून वळसा घालून आता कुठे त्यांच्या कानाकडे यायला निघालं, असा चेहरा. बर्‍याच वेळानं तो चेहरा उजळे. "हौ, पोचलं! मालती, चहा टाक वं, मास्तरीणबाईचा होकार आला."

नवा माणूस त्यांना बहिरं समजे आणि ओरडून बोलू लागे. काकांना ते फार लागे, कारण बहिरे ते मुळीच नव्हते. भिंतीपलीकडे मी खोबरं किसायला घेतलं तरी "आज काय बेत हाये?" अशी चौकशी येई. बोट वर करण्याची सवय त्यांना मोबाईलनं लावली होती.

"कसं हाये," ते समजावून सांगत, "आवाजाले जाऊन याले टाइम लागते. आपण मधातच बोललो का दोन आदेश रस्त्यात टकरावते अन् दोन्ही मरते. सबर ठेवा लागते."

ही गोष्ट बालाघाटात मोबाईल नवा नवा आला तेव्हाची. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि आमचे हे बँकेत होते. काकांचं घर आमच्या घराला चिकटून. दोन्ही गच्च्यांच्या मधे कमरेइतकी भिंत. तिच्या अलीकडे मी पापड वाळत घालायची आणि पलीकडे काका कोपर टेकवून जगाचा कारभार हाकायचे.

कारभार हाकण्याची हौस नोकरीतली. काका कालव्यावर ओव्हरसियर होते. कालव्याची दारं उघडा, कालव्याची दारं बंद करा, यात त्यांची हयात गेली. पण दार असायचं जंगलात आणि काका असायचे गावात. मधे सायकल. दार दोन बोटं उघडा असा आदेश घेऊन माणूस सायकलवर निघायचा, तो पोचेपर्यंत आभाळ फाटून पाऊस सुरू. मग दार बंद करा असा दुसरा आदेश दुसर्‍या सायकलवर. तो पोचेपर्यंत लख्ख ऊन. दोघे सायकलवाले वाटेत भेटून बिडी ओढत बसायचे, असा काकांचा दाट संशय होता.

"माह्या डोक्यात काहीच कमी नव्हतं," काका म्हणत. "आदेश बरोबर असे. अंमलही बरोबर असे. मधातल्या सायकलनं घात केला."

त्यामुळे गावात पहिला टॉवर उभा राहिला तेव्हा काका त्याच्या पायथ्याशी जाऊन नारळ फोडून आले. परत आले ते कपाळाला कुंकू लावून. "सायकल मेली," त्यांनी गल्लीत जाहीर केलं. दुसर्‍या दिवशी शर्टाच्या खिशात मोबाईल होता.

पहिला प्रयोग अर्थातच काकूंवर झाला. काका गच्चीवरून घरातल्या फोनवर फोन करून स्वयंपाक चालवू लागले.

"मालती, आता डाळीले फोडणी दे."

खालून काकूंचा आवाज फोनमधून यायच्या आधी जिन्यातूनच वर येई. "डाळ नाही जी, कढी हाये! अन् तुमचा फोन उचलाले आली तं तीही उतू गेली!"

काका माझ्याकडे बघून गंभीरपणे मान हलवत. "पाहा. आदेश गेला, अंमल बाकी हाये."

हे त्यांचं आवडतं वाक्य. देवाला नवस बोलला, आदेश गेला, अंमल बाकी. पोस्टात अर्ज टाकला, आदेश गेला. गल्लीतल्या कुत्र्याला हाड् म्हटलं आणि ते हललं नाही, तरी आदेश गेलेला असे. कुत्रं यथावकाश उठून दुसरीकडे गेलं की काका समाधानानं म्हणत, "आला अंमल."

पण काकांचा खरा पराक्रम होता शेतावरची मोटर. तो सांगायचा तर आधी दादा सांगायला हवेत.

नारायणदादा काकांचे थोरले भाऊ. लालबर्‍याच्या अलीकडे, सिवनी रस्त्यावरून आत दोघांचं मिळून शेत होतं. धाकटा शिकून ओव्हरसियर झाला, थोरला शेतावर राहिला. वहिनी वारल्या, मुलं नागपूरकडे नोकरीला गेली, तरी दादा तिथेच, एक खोली, एक बैल आणि कडुलिंबाखाली एक बाज. भावाभावांत काही वाईट नव्हतं. विहीर खोदायची ठरली आणि बिनसलं.

काका म्हणाले, विहीर पश्चिमेच्या कोपर्‍यात खोदू. त्यांनी जमीन ठोकून पाहिली, नकाशा काढला, उतार मोजला. दादा म्हणाले, पूर्वेला खोद, तिकडं उंबर हाये, उंबराखाली पाणी असते. काका म्हणाले, मी कालव्याचा माणूस, पाण्याचं मले नको शिकवू. पश्चिमेला खोदलं. खडक लागला. आणखी खोदलं, आणखी खडक. मग पूर्वेला खोदलं आणि दुसर्‍याच दिवशी पाणी घोट्याला लागलं.

दादा एक शब्द बोलले नाहीत. फक्त हसले.

"बोलले असते तं चाललं असतं," काका मला एकदा म्हणाले होते. "शिवी दिली असती तरी चाललं असतं. हासला ना तो!"

तेव्हापासून अबोला. किती तरी वर्षांचा. शेती दोघांची, विहीर दादांच्या बाजूची, मोटर काकांच्या पैशाची, आणि बोलणं कोणाचंच नाही. लालबर्‍याच्या बाजाराच्या दिवशी दादा बाजाराला जात आणि काका शेत बघायला जात. काका परत निघाले की दादा बाजारातून परतत. बसथांब्यावर कधी गाठ पडलीच तर एक जण पूर्वेकडे बघे आणि दुसरा पश्चिमेकडे. निरोप येणार्‍या-जाणार्‍या माणसाकडून, तोही काकूंमार्फत. "सांगा तुमच्या इंजिनियरले, पाइप फुटला." "सांग त्याले, मालूम हाये."

आता मोटर चालू करायची तर सोपा मार्ग काय? दादा मोटरीपासून हाकेच्या अंतरावर राहतात. त्यांना सांगायचं, दादा, खटका दाब. पण हे एक वाक्य बोलावं लागू नये म्हणून काकांनी मोबाईलवरून मोटर चालवण्याचं यंत्र बनवलं. इतक्या छोट्या वाक्यासाठी इतकी मोठी खटपट करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यंत्र असं होतं. मोटरीच्या खोलीत एक पत्र्याचा डबा. त्यात नागपूरहून आणलेला एक जुना मोबाईल. काकांनी बालाघाटहून त्याला फोन लावला की तो थरथरे, त्या थरथरण्यानं एक छोटा खटका पडे आणि मोटर सुरू होई. पुन्हा फोन लावला की बंद. या मोबाईलला काका 'हात' म्हणत. "हा माहा हात हाये, मास्तरीणबाई. बालाघाटात खांदा, लालबर्‍यात पंजा."

पहिल्या दिवशी सगळी गल्ली गच्चीवर जमली. काकांनी स्नान करून, टोपी घालून बटण दाबलं. रिंग गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनी बोट वर केलं.

"आदेश गेला."

"मोटर चालू झाली का पण?" ह्यांनी विचारलं.

काका थांबले. आजवर कोणी हा प्रश्न विचारला नव्हता, त्यांनी स्वतःसुद्धा नाही. बालाघाटच्या गच्चीवरून लालबर्‍याकडची मोटर दिसत नाही. चालू झाली की नाही, हे कळायची सोयच नव्हती.

"झालीच असन," काका म्हणाले आणि टोपी काढून वारा घेऊ लागले.

त्यातून जे घोटाळे झाले त्याला तोड नाही. कधी रिंग मधेच मरे. काकांना वाटे मोटर चालू झाली, ती असे बंद. मग संध्याकाळी बंद करायला म्हणून ते फोन लावत, त्यानं ती चालू होई. काकांच्या हिशेबात दिवस तिथे रात्र आणि रात्र तिथे दिवस. वर मोबाईल कंपनीची ती गोड आवाजाची बाई. तिला काय माहीत आपण कोणाला फोन करतोय! तिनं भर दुपारी नव्या गाण्याची ट्यून लावा म्हणून फोन केला आणि गव्हाला पाणी सोडून मोकळी झाली.

"कोणाच्या परवानगीनं?" काका गच्चीवर येरझारा घालत होते. "मी इथं पेन्शनर माणूस, अन् ती बाई माही मोटर चालवून राह्यली!"

दिवाळीत तर कहरच झाला. नव्या यंत्राच्या कौतुकात काकांनी 'शेतावरचा नंबर' म्हणून तो नंबर सगळ्या नातेवाइकांना देऊन ठेवला होता. पाडव्याला शुभेच्छांचे फोन सुरू झाले. मावशीनं मोटर चालू केली, साडूनं बंद केली, भाच्यानं पुन्हा चालू केली, आणि मग दुपारभर कोणाला काकांची आठवणच आली नाही. दादांच्या हरभर्‍यात पोटरीएवढं पाणी.

काकूंना निरोप आला. "सांगा तुमच्या इंजिनियरले, मी हरभरा पेरला होता, शिंगाडे नाही."

काका तो निरोप ऐकून लाल झाले, पण मला वाटतं त्या दिवशी ओठाच्या एका कोपर्‍यातून ते हसलेही.

मग त्यांनी डब्यात दुसरा मोबाईल बसवला. हा 'कान'. त्याला फोन लावला की तो आपला आपणच उचलला जाई, आणि मोटरीच्या खोलीतला आवाज बालाघाटात ऐकू येई. आधी हाताला फोन करायचा, मग कानाला. घूंऽऽ आवाज आला की मोटर चालू. काका तो आवाज मला भिंतीवरून ऐकवत, एखाद्याने नातवाचं रडणं ऐकवावं तसा. "ऐका, ऐका! कशी मजेत चालून राह्यली!"

आता खरं तर यंत्र पुरं झालं होतं. पण काकांना माणसानं कुठं थांबावं हे कालव्यावर कोणी शिकवलं नव्हतं. शेतात माकडं येत. काकांनी कानाला जुन्या रेडिओचा भोंगा जोडला, म्हणजे बालाघाटहून ओरडलं की शेतावर मोठ्यानं ऐकू जाईल. त्यानंतर रोज सकाळी गच्चीवरून "हुर्रर्र! हाड्! हाड्!" अशी आरोळी उठे. आमच्या गल्लीतली कुत्री भुंकत पळत, कबुतरं उडत, दूधवाल्याची सायकल एकदा नालीत गेली. शेतावरची माकडं मात्र भोंग्यापाशी बसून हरभरा खात आणि उरला की आरामात निघून जात. त्यानंतर केव्हा तरी काकांचा आवाज पोचे, रिकाम्या शेतावर.

हे हसणं-खिदळणं दोन वर्षं चाललं. मग एका पावसाळ्यात माझ्या लक्षात एक गोष्ट आली.

धानात पाणी तुडुंब होतं. मोटरीची गरज नव्हती. तरी काका रोज दुपारी जेवण झाल्यावर छत्री घेऊन गच्चीवर येत आणि फोन कानाला लावून उभे राहत. बोलत नसत. बोटही वर नसे. मी कपडे काढायला वर आले की हळूच पाठ फिरवत. 

एकदा छत्री वार्‍यानं उलटली. ती सरळ करायला त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "धरा बरं जरासा."

मी सवयीनं कानाला लावला. घूंऽऽ नव्हतंच. पत्र्यावर पावसाचा आवाज होता आणि त्यातून एक म्हातारा, जरा घोगरा, सावकाश बोलत होता.

"...आज वांग्याची भाजी केली रे पवळ्या. मीठ जास्तच पडलं. पडाचंच, सांगणारं कोण हाये. परवा पायाले गोम चावली होती, आता बरं हाये. सूज उतरली. बांधावरचा आंबा पडला रे वार्‍यानं. बाबानं लावला होता तो..."

मग खोकला. मग बैलाच्या गळ्यातली घंटा.

मी फोन परत दिला. काकांनी छत्री नीट केली, फार वेळ नीट करत राहिले.

"बैलाशी बोलते तो," शेवटी म्हणाले. "पह्यल्यापासून सवय हाये त्याले. बैल मोटरच्या खोलीपाशीच बांधते. मी मोटर पाहाले फोन लावतो, तं ऐकू येते. आता कान हाये तं ऐकू येईनच ना."

"खरंच," मी म्हणाले. आणि पापड नसताना पापडाचं कापड झटकत बसले.

"गोम चावली म्हणे," काका म्हणाले. "मले दोन दिवस आधीच समजलं होतं. पाय घासत चालून राह्यला होता. आवाजावरून समजते."

त्या हिवाळ्यात, शाळेला सुट्टी होती त्या दिवशी, मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. गव्हाला पाणी चालू होतं. काकांनी हाताला फोन केला, मग कानाला, आणि भिंतीवर कोपर टेकून ऐकू लागले. मोटर चालू होती. ते खुशीत होते. मग त्यांचं कोपर भिंतीवरून उचललं गेलं.

"पाणी वाजून राह्यलं," ते म्हणाले.

"पाणी वाजणारच ना काका."

"तसं नाही. खोलीत वाजून राह्यलं. पाइप फुटला." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "मास्तरीणबाई, त्या खोलीत खाली जमिनीवर वायरीचा जोड हाये. मीच देला. खुंटीवर टांगणार होतो पुढच्या बाजाराले. मोटर चालू हाये, जोड पाण्यात गेला असन तं..."

फोनमधून मलाही ऐकू आलं, इतकं दादा जवळ आले होते. "अबे, हे पाणी कुठून आलं बे?" आणि वहाणा काढून ठेवल्याचा आवाज. थप्, थप्.

काकांच्या हातात एकच फोन होता. माझा फोन घरात नव्हता, तो ह्यांच्याकडे बँकेत, आणि काकांचा घरातला फोन आठवडाभर बंद पडलेला. ओरडावं तर मोटर थांबत नाही. मोटर थांबवावी तर हा फोन तोडून हाताला लावावा लागेल, आणि तोवर दादा पाण्यात. आयुष्यभर आदेश देणारा माणूस, आणि आता कोणता द्यायचा ते सुचत नव्हतं.

मग ते ओरडले. माकडांवर ओरडत तसं नाही. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता.

"दादाऽऽ! पाण्यात पाय नको टाकू! दादा, मांगं हो!"

गल्लीतली कुत्री गप्प राहिली. फोनमध्ये मोटर घूंऽऽ करत होती. बाकी काही नाही. शब्द पोचले की नाही, वाटेत मेले की काय, काही कळेना. काकांनी वाट पाहिली. एरवी चहाच्या होकारासाठी थांबणार्‍या माणसाला आता तेवढं थांबवेना. त्यांनी फोन तोडला आणि हाताला लावला.

नेटवर्क नाही.

"टाकीवर!" मी म्हणाले. मी त्यांना मागून ढकललं, ते धोतराचा सोगा दातात धरून पाण्याच्या टाकीवर चढले. खालून काकू विचारत होत्या, "काय झालं जी? काहून ओरडले?" फोन लागला. रिंग गेली. काकांनी रिंग मोजली नाही, डोळे मिटून ओठ हलवत राहिले. मग तोडून पुन्हा कानाला लावला.

उचलला गेला. मोटरीचा आवाज नव्हता. पाणी ठिबकत होतं फक्त.

"दादा?" काका म्हणाले. अगदी हळू.

काही नाही.

"दादा, हायेस का रे?"

मी खाली उभी होते. काकू जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबल्या होत्या.

"कोण? बाळ्या का?" फोनमधून आलं.

"हौ."

"मंग काहून बोंबलून राह्यला? मी का बहिरा हाओ?"

काका टाकीवरच खाली बसले. काकूंनी पदर तोंडाला लावला. फोनमधून दादा बोलत होते, "उंबर्‍यावरच थांबलो मी, तू ओरडला तं. भोंगा असा वाजला का पवळ्यानं दावं तोडलं. आता बैल कोण धरन, तुहा बाप?"

"आपला," काका म्हणाले. "बाप आपला होता दादा."

लगेच निघायचं ठरलं. काकू म्हणाल्या, "माह्या गुडघ्यानं बस चढवत नाही, मास्तरीणबाई, तुम्ही संग जा. यांले एकटं नका सोडू आज." सिवनीची बस मिळाली. वाटभर काकांनी एकदाही फोन खिशातून काढला नाही. खिडकीबाहेर बघत होते. उतरायच्या आधी मला म्हणाले, "काय बोलू म्हणता?"

"काही नका बोलू," मी म्हणाले.

दादा बैल शोधून, बांधून, बाजेवर बसले होते. काकांपेक्षा उंच, काळे, डोक्यावर एकही केस नाही. काका समोर जाऊन उभे राहिले. पूर्व-पश्चिम काही उरलं नव्हतं, दोघं एकमेकांकडेच बघत होते.

"जोड वर टांगाले पाह्यजे," काका म्हणाले.

"खुंटीवर नको. वासा कुजला हाये. लिंबाले बांध."

"लिंबाले वायर बांधते का कोणी?"

"मंग बांध खुंटीवर. पडन."

"कशी पडन? मी इंजिनियर हाओ का तू?"

"ते विहिरीले विचार," दादा म्हणाले, आणि हसले.

काकांनी पूर्वेच्या विहिरीकडे पाहिलं. मग तेही हसले. असे हसले की त्यांना बाजेचा खूर धरावा लागला. दादा त्यांच्या पाठीत थापट्या मारत होते आणि स्वतः खोकत होते.

जोड लिंबालाच बांधला. काम करता करता काका पाठमोरेच म्हणाले, "तू बैलाशी बोलते ते ऐकू येते मले. मोटर पाहाले फोन लावतो तं... सहज."

दादा वायर धरून उभे होते. "मालूम हाये," ते म्हणाले. "तू फोन लावला का डब्यात उजेड पडते. रोज जेवून उठलो का उजेड पडते." मग पवळ्याकडे हात करून म्हणाले, "याले वांग्याच्या भाजीचं सांगून मी का करू बे? हा का वांगे खाते?"

काकांच्या हातातली पक्कड खाली पडली. ती उचलायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. मी विहिरीकडे जाऊन उंबराची फळं बघत बसले.

परतीची बस यायची होती. मी हाक मारली तसे दादा म्हणाले, "बाई, जेवून जा." मी नको म्हणाले, गुळाचा खडा घेतला, पाणी प्याले. "काका, निघायचं ना?"

काका ऐकतच नव्हते. ते बाजेवर बसले होते. दादांनी चुलीवरून भात काढला, वर वरण ओतलं, कडेला लोणच्याची फोड ठेवली आणि ताट घेऊन बाहेर आले.

"तुहं ताट कुठं हाये?" काकांनी विचारलं.

"हेच."

"मंग माहं?"

"दुसरं हाये कुठं घरात," दादा म्हणाले. "एकट्याले किती ताटं लागते?"

ते बाजेवर बसले, ताट दोघांच्या मधे ठेवलं, आणि भाताचा अर्ध्याहून जास्त वाटा हातानं धाकट्या भावाच्या बाजूला सारला. काकांनी पहिला घास घेतला. मी एकटीच बसथांब्याकडे निघाले.